सकरचा सुर्रर्र

हृदयाचं ऑपरेशन चालू असताना माझं लक्ष सर्जनच्या हातांपेक्षा लघवीच्या पिशवीकडे जास्त असतं. मी पर्फ्युजनिस्ट. हृदय थांबवलं की रक्त फिरवायचं आणि त्यात ऑक्सिजन मिसळायचा तो आमच्या पंपाने. ६ मे १९५३ला फिलाडेल्फियात जॉन गिबननी हे पहिल्यांदा यशस्वी केलं. यंत्रं पुष्कळ सुधारली, पण तांबड्या पेशींना प्लास्टिकच्या नळ्या अजून मानवलेल्या नाहीत. पेशी फुटतात, हिमोग्लोबिन मोकळं सुटतं. रक्तातलं हॅप्टोग्लोबिन त्याला धरून ठेवतं. ते संपलं की उरलेलं मोकाट. मग वाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड ते खाऊन टाकतं, वाहिन्या आवळतात, मूत्रपिंडाच्या नलिका खराब होतात. पिशवी गुलाबी दिसायला लागते, वेळ पडली तर कोऱ्या चहासारखी.

पंपाचा रोलर नळीवर घट्ट बसला तर पेशी चिरडतात, हे खरं. म्हणून केसआधी नळीचं टोक उंच धरून आत सलाईन उभं करतो. ते अगदी सावकाश उतरायला हवं. हललंच नाही तर रोलर आवळलेला. पण माझ्या मते खरा गुन्हेगार सकर. छातीत साचलेलं रक्त हवेसकट ओढलं जातं, सुर्रर्र आवाज येतो, नळीत फेस दिसतो. “सर, सकर कमी करतोय,” म्हटलं की सर्जन कुरकुरतात. कुरकुरू देत.

मी नंदुरबारचा. धडगाव, मोलगीकडचा पेशंट आला की आधी सिकलसेलचा रिपोर्ट शोधतो. आमच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत तो आजार बराच आहे. एरवी पंपावर आम्ही अंग थंड करतो, ते अवयवांच्या भल्यासाठीच. इथे तीच थंडी अंगाशी येते. गारठा, ऑक्सिजनची कमतरता, रक्तात वाढलेलं आम्ल, यातलं काहीही झालं की पेशी वाकड्या होऊन अडकतात, फुटतात. म्हणून अंग उबदार ठेवायचं आणि त्याआधी रक्त बदलून सिकल हिमोग्लोबिन साधारण ३० टक्क्यांखाली आणायचं.

रक्त लागणार म्हटलं की सख्खा भाऊ बाही सरसावून उभा. “दादा, माझंच घ्या ना!” त्याला बसवून ठेवतो आणि ब्लड बँकेला फोन करतो: आधी याची सिकलची तपासणी करा. वाहक निघाला, तर स्वतः तो ठणठणीत असला तरी त्याचं रक्त या पेशंटच्या कामाचं नाही.