मलई संपली म्हणे!

चि. भाचीबाईस,

अतिवाहकतेत करण्यासारखं सगळं लोकांनी केव्हाच करून ठेवलंय, असं तू परवा फोनवर म्हणालीस. हेच गाऱ्हाणं १९६१ साली ब्रायन पिपर्ड यांनी आयबीएमच्या परिषदेत मांडलं होतं. भाषणाचं नाव होतं ‘मांजर आणि मलई’. मलई संपत आली, आता मांजरांनी काय करायचं?

आणि हे बोलणारा माणूस साधासुधा नव्हता. लंडनचा, १९२० सालचा जन्म. युद्धात रडारवर काम केलं आणि मग केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत तोच मायक्रोवेव्हवर बसलेला हात द्रव हेलियमातल्या धातूंवर चालवला. त्यांचा कथिलाचा प्रयोग मला फार आवडतो. कथिलात जेमतेम तीन टक्के इंडियम मिसळलं. कथील अतिवाहक होतं, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, ते तापमान, ३.७ केल्विन, जवळपास जागचं हललं नाही. पण चुंबकीय क्षेत्र धातूत जितकं खोल शिरतं, ती खोली मात्र दुपटीच्या घरात गेली! अतिवाहकतेच्या तोवरच्या सिद्धांतात, लंडन आडनावाच्या दोघा बंधूंच्या, हे बसेना. पिपर्डांनी १९५३ मध्ये सांगितलं, एका बिंदूवरचा प्रवाह तिथल्याच क्षेत्रावर ठरत नाही. आजूबाजूच्या सुमारे सहस्रांश मिलिमीटरच्या टापूचा त्यात वाटा असतो, आणि भेसळ हा टापू आखडते. चार वर्षांनी बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांच्या सिद्धांतात ही लांबी इलेक्ट्रॉनच्या जोडीचा पसारा म्हणून आपसूक निघाली.

आता खरी गंमत. मलईच्या भाषणानंतर वर्षभरात त्यांच्याच हाताखालच्या बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसननं भाकीत केलं, की अशा जोड्या निरोधकाच्या पातळ थरातून थेट पलीकडे जातील. पिपर्डांनाही हे आधी सुचलं होतं. पण दोन इलेक्ट्रॉन एकदम पार होण्याची शक्यता इतकी नगण्य, की काही दिसायचं नाही, असा त्यांचा हिशेब. पोरानं तो मनावर न घेता स्वतः गणित केलं. १९७३ चं नोबेल त्याला त्यातूनच मिळालं. पिपर्ड तोवर मॅक्सवेल-रदरफोर्डच्या खुर्चीवर, म्हणजे कॅव्हेंडिश प्राध्यापकपदी, बसले होते. पुढे ‘सर’ही झाले. मला मात्र ते चुकले तिथेच जास्त जवळचे वाटतात.

असो. तूही ‘नगण्य’ म्हणून काही सोडू नकोस. तुझ्या आलेखातले ते तीन बिंदू, ‘गळती असेल’ म्हणून तू खोडलेस ते, मूळ आकड्यांसकट पाठव. तुझ्या नमुन्यातल्या भेसळीचं प्रमाणही लिही.

तुझा,
मामा