दशांश सेकंदाचं घड्याळ

सत्तरी ओलांडलेल्या बाईनं माइनक्राफ्टवर लिहावं याचं काही नातेवाइकांना हसू येईल. येऊ दे. मराठी घेऊन बीए झाले, जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं. विजेशी संबंध आला तो फ्यूजची तार बदलण्यापुरता. पण नात जूनमध्ये वसतिगृहात जाणार, आणि आम्ही दोघींनी मिळून उभं केलेलं ते ठोकळ्यांचं जग मग मलाच सांभाळायचंय.

त्या जगात रेडस्टोन नावाची लाल भुकटी असते. जमिनीवर ओळीनं पसरली की तिची तार होते. संदेश 15 ठोकळे जातो आणि विरतो. पुढे न्यायचा तर रिपीटर बसवायचा. तो संदेश ताजा करतो, पण उशीरही लावतो, 0.1 ते 0.4 सेकंद, आपण ठरवू तेवढा. दोन रिपीटर उलटसुलट दिशांना ठेवून भुकटीनं गोल जोडले आणि आत एक ठोका सोडला, की तो फिरतच राहतो. झालं घड्याळ!

मेख आहे ती ठोका सोडण्यात. रेडस्टोनची मशाल ठेवायची आणि लगेच उपटायची. दोन्ही रिपीटर 0.1 वर असले तर अख्खी फेरी 0.2 सेकंदांची. मशाल जरा जास्त राहिली की ठोक्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला मिळतं आणि सगळं वर्तुळ पेटून बसतं, लुकलुकतच नाही. नातीची बोटं हे सहज करतात. माझी सांध्यांत आखडलेली. "आजी, थांब, मी करते," असं ती प्रेमानंच म्हणते, पण मला ते ऐकवत नाही.

चार रिपीटर 0.4 वर ठेवले तर फेरी 1.6 सेकंदांची होते, तिथं माझी बोटं पुरतात. पण ते विलंबित झालं, मला हवं होतं द्रुत. एकच मशाल स्वतःलाच विझवेल अशी जोडता येते, पण (संगणकावरच्या जावा आवृत्तीत) तीन सेकंदांत आठ वेळा विझावं लागलं की ती दमून बंद पडते. मला तिची कीव येते.

उपाय निघाला तो ऑब्झर्व्हरचा. हा ठोकळा खेळात 2016 साली आला. वाड्यातल्या खिडकीतल्या काकूंसारखा आहे तो. तोंडासमोर काही हललं की मागच्या बाजूनं लगेच बातमी! असे दोन तोंडाला तोंड लावून ठेवले, की पहिला लुकलुकला म्हणून दुसरा, दुसरा म्हणून पहिला. तीच 0.2 सेकंदांची लय, आणि दुसरा ठोकळा सावकाश ठेवला तरी चालतं. चपळाईचं कामच नाही.

बुधवारी दुपारी एकटीनं केलं. जवळ बाण भरलेला डिस्पेन्सर ठेवला होता, त्यानं समोरच्या भिंतीची चाळण केली. संध्याकाळी नातीनं पाहिलं आणि विचारलं, "आजी, हे बंद कसं करायचं?"

चिकट पिस्टननं एक ऑब्झर्व्हर मागे ओढून घ्यायचा. या आठवड्यात तेवढं बसवते.