हाताजोगे हत्यार

सांगलीच्या कापडपेठेत चाळीस वर्षे ज्या उजव्या हाताने कापड मोजले, त्याच हाताला अर्धांगाच्या झटक्यानंतर पेनही धरवेना. दुकान मुलाने सांभाळले. अण्णांचे मन मात्र त्या अवघडलेल्या बोटांपाशीच अडकून राहिले. फिजिओथेरपिस्टने माती मळण्याचा व्यायाम सांगितला आणि नातीने कुंभाराकडून चाळलेल्या मातीचा गोळा आणला.

मळणे जमू लागले, तशी चाकाविना, नुसत्या हातांनी भांडे घडवण्याची इच्छा झाली. मुलाने हत्यारांचा तयार संच आणून दिला. परंतु त्यांच्या बारीक मुठी अण्णांच्या पकडीतून निसटत. तिसऱ्यांदा हत्यार खाली पडले, तेव्हा त्यांनी संच मुकाट्याने बाजूला सारला.

"आजोबा, आपणच करू या," नात म्हणाली.

बाटलीच्या बुचात दाभण खोचून कड कापण्याचे हत्यार झाले. मुदत संपलेले एटीएम कार्ड अर्धचंद्राकार कापून, त्याच्या कडा पॉलिशकागदाने घासल्या. भिंत गुळगुळीत करण्यास ते पुरेसे होते. नायलॉनच्या दोरीच्या दोन्ही टोकांना कोटाची मोठी बटणे बांधली. बटणे बोटांच्या बेचक्यात अडकत, त्यामुळे गोळा कापताना मूठ आवळावी लागत नसे. सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये, मांजरपाटाच्या तुकड्यावर माती ठेवून लाटणे फिरवले, की पोळी सर्वत्र सारख्या जाडीची होई. जाडी कमीअधिक राहिली, तर माती वाळतानाही कमीअधिक आकसते आणि तडकते. सांधे जोडण्यापूर्वी जुन्या काट्याने ओरखडे काढून त्यांवर पातळ कालवलेली माती लावावयाची. तो काटा धरता यावा, म्हणून नातीने त्याच्या दांड्यावर चिंध्या गुंडाळून दोरा आवळला. त्याआधी तिने टेपने अण्णांच्या मुठीचे माप घेतले. आयुष्यभर इतरांना कापड मोजून देणारे अण्णा त्या वेळी लहान मुलासारखे हात पुढे करून बसले होते.

पहिली वाटी एका बाजूला किंचित कलली. सावलीत सावकाश वाळवून ती कुंभाराच्या आव्यात भाजून घेतली. आज ती दुकानाच्या गल्ल्याशेजारी सुट्ट्या नाण्यांसाठी ठेवलेली आहे. चेकवरील सही अद्याप पूर्वीसारखी जुळत नाही. परंतु अण्णांच्या पेनावरही आता चिंध्यांची तशीच जाड मूठ चढली आहे, आणि जुन्या खातेवहीच्या कोऱ्या पानांवर रोज सकाळी सहीचा सराव चालू आहे.