हजेरीच्या वहीत माझं नाव

द्राक्षाच्या घरात कॅलेंडर जानेवारीला सुरू होत नाही, ऑक्टोबरला होतं. गोडी छाटणीचा दिवस धरला की पुढचे पाच महिने ठरून जातात. डोळे कधी फुटणार, फुलोरा कधी, डिपिंग आणि विरळणी कधी, आणि शेवटी माल कधी निघणार. परीक्षा, लग्नं, दुखणीखुपणी ही त्या तारखांच्या मधल्या फटीत बसवावी लागतात. कादवेच्या काठी, दिंडोरी तालुक्यात सून म्हणून आले तेव्हापासून मी हे करत आलेय. पण २०२४ च्या मार्चमध्ये फटच उरली नव्हती.

त्या हंगामाची सुरुवातच धास्तीची होती. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. निफाड, चांदवडकडच्या बागा झोडपून निघाल्या. आमच्या शिवारात गारा आल्या नाहीत, पाऊस मात्र भरपूर झाला. त्यानंतर डावणी रोगासाठी फवारणी, मग थंडीत भुरी रोगासाठी फवारणी. ट्रॅक्टरचा आवाज रात्री अकरापर्यंत. आमचा थॉमसन जातीचा माल युरोपला जातो, त्यामुळे कुठलं औषध कोणत्या तारखेला मारलं याची नोंद ठेवावीच लागते, नमुना प्रयोगशाळेत जातो, अंश सापडला तर माल बाद. २०१० साली एका संजीवकाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. त्या वर्षी कंबरडं मोडलेली घरं आमच्या नात्यात आहेत. म्हणून ती नोंदवही मी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही. फवारणी हे बघतात, वही माझी.

१ मार्चला मोठीची दहावी सुरू झाली. त्याच आठवड्यात काढणी लागली. सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. आणि मी स्वतः मुक्त विद्यापीठात बी.ए. करत होते. गोवर्धनजवळच्या त्या विद्यापीठाने माझ्यासारख्या, बारावीनंतर लग्न झालेल्या किती बायकांना पुन्हा पुस्तक हातात दिलंय, हे आमच्याकडच्या गावांत फिरल्यावर कळतं. माझी परीक्षा उन्हाळ्यात होती. अभ्यास मात्र हंगामातच करायचा होता.

लोक म्हणतात, सगळ्याला सारखा वेळ द्यावा. हंगामात ते होत नाही, आणि तसा हट्ट धरला की सगळंच अर्धवट राहतं. आम्ही जेवताना एवढंच ठरवलं की कोणती गोष्ट पुढे ढकलता येणार नाही. पेपरच्या दिवशी लेक घरातून निघेपर्यंत मी बागेत जाणार नाही, हे मी सांगितलं. थेंबांची जबाबदारी धाकट्याने घेतली. आठवीतला मुलगा, पण घड्याळाचा गजर लावून आजीला उताणं झोपवायचा आणि थेंब घालून पाच मिनिटं हात धरून बसायचा. चुलतसासऱ्यांच्या घरच्या हळदीला आम्ही गेलो नाही, लग्नाला हे एकटे गेले. त्यावरून बोलणी ऐकली. ऐकून घेतली.

काढणीचं काम सकाळचं. ऊन चढलं की मणी तापतो आणि तापलेला माल वाटेत टिकत नाही. दव वाळलं की सुरू करायचं आणि साडेदहा-अकराच्या आत क्रेट पॅकहाउसच्या गाडीत चढवायचे. घड मण्यांना धरून तोडायचा नाही. मण्यावर पांढुरका थर असतो, त्याला आम्ही लस्टर म्हणतो, बोट लागलं की तो पुसतो आणि तिथला मणी काळपट दिसतो. म्हणून डाव्या हाताच्या चिमटीत फक्त देठ धरायचा, उजव्या हातातल्या कात्रीने वेलीजवळ काप घ्यायचा आणि घड उलटा करून एखादा सडका, तडकलेला, बारीक मणी असेल तर कात्रीच्या टोकाने काढून टाकायचा. त्या वर्षी निर्यातदाराची नजर जास्तच कडक होती. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, माल आधीपेक्षा कितीतरी दिवस जास्त कंटेनरमध्ये राहणार होता. दूरच्या समुद्रातली गोष्ट आमच्या कात्रीपर्यंत आली.

गणिताच्या पेपरच्या दिवशीच गाडी लागली. हे पहाटेपासून बागेत. मी लेकीला शिरा करून दिला, प्रवेशपत्र, कंपास बघितला, तिला केंद्रावर सोडलं आणि मगच बागेत पोचले. घडांची तपासणी एरवी माझ्याकडे असते. मी जाईपर्यंत मुकादमाची बायको क्रेटपाशी उभी राहून एकेक घड उलटा करून बघत होती. चार क्रेट तिने बाजूला काढायला लावले होते. मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही पोरीचं बघा, इथलं मी बघते." तिचं स्वतःचं तान्हं बांधाच्या लिंबाखाली झोळीत होतं आणि मोठी पोरगी शाळा सोडून त्याला झोका देत होती.

ही मजुरांची टोळी सुरगाण्याकडची. पेठ-सुरगाण्याची माणसं छाटणीपासून आमच्याकडे असतात. होळी हा त्यांचा वर्षाचा सण. त्यासाठी ती गावी जाणारच, आणि ऐन काढणीत बाग तशीच राहते, म्हणून शेतकरी कुरकुरतात, कोणी मजुरी अडवूनही ठेवतो. मला ते पटत नाही. आपल्या लेकराची परीक्षा ढकलता येत नाही, तसा त्यांचा शिमगाही ढकलता येत नाही. त्या वर्षी २४ मार्चला होळी होती. आम्ही २२ तारखेपर्यंत जेवढं निघेल तेवढं काढलं, पूर्ण हिशेब हातात दिला. उरलेल्या ओळी परत आल्यावर तोडल्या. त्यातला थोडा माल निर्यातीतून बाद झाला आणि स्थानिक बाजारात विकावा लागला. ते नुकसान हंगामाच्या खर्चातच धरायचं, असं माझं मत आहे. यांना ते सहज पटलं नाही.

माझा अभ्यास गाडीची वाट बघताना आणि रात्री भांडी झाल्यावर व्हायचा. एकदा रात्री मी मजुरांची हजेरी लिहीत होते, शेजारी इतिहासाचं पुस्तक उघडं होतं. सासूबाई डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून बसल्या होत्या. मी मधूनमधून मोठ्याने वाचत होते म्हणून त्या आपसूक बोलू लागल्या. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, त्याला त्या गावातल्या बायकांबरोबर ट्रकमधून गेल्या होत्या. नजर पोचेल तिथवर बायका. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन काढलं, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून. काही गावांत शंभरावर घरांनी केली. "आपल्यात नाही झालं," त्या म्हणाल्या. "मीपण विचारलं नाही." मग थोडं थांबून: "तुझी हजेरी कुठं मांडतेस गं?"

दुसऱ्या दिवसापासून मी वहीत शेवटच्या ओळीत माझं नाव लिहायला लागले. किती वाजता बागेत, किती वाजता घरी, बाकीच्या बायकांना जो दर तोच. एप्रिलमध्ये हिशेबाला बसलो तेव्हा यांनी आकडा दोनदा बघितला. म्हणाले, "हे कुणाला द्यायचंय?" मी म्हटलं, मला. त्यातून माझी पुढच्या वर्षाची फी भरली, उरलेले माझ्या खात्यात टाकले. त्यांनी वाद घातला नाही. औषधांचा, मजुरीचा, क्रेटचा खर्च मांडताना माझी मजुरी खर्चात धरल्यावर नफा कमी दिसला, आणि तो तसाच दिसायला हवा.

सासूबाई म्हणाल्या, मग टोळीच्या चहाचं आणि पोरांना सांभाळल्याचं माझंही लिही. तेही लिहिलं. सात-बाऱ्यावर माझं नाव लावायचा विषयही त्याच बैठकीत निघाला. त्याला हे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खरड छाटणी आटोपली की तलाठ्याकडे कागद काय लागतात ते मी विचारून येणार आहे.