कुक्कुटनगरीत दोघेच

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, तेव्हा मुलाने आम्हा दोघांना थायलंडची तिकिटे काढून दिली. ती हाती पडताच मी कोरा कागद शोधू लागलो आणि हिने एकच अट घातली, "अहो, बाकीचे सगळे दिवस तुमचे. एक दिवस मात्र मला असा द्या, की ज्या दिवशी यादी नको."

या यादीबद्दल थोडे सांगायला हवे. मी बँकेतला माणूस. सदतीस वर्षे आकड्याखाली आकडा मांडण्यात गेली. प्रवासातही माझे तेच. कुठे जायचे, किती वाजता पोचायचे, काय पाहायचे, हे सारे एका कागदावर लिहून मी तो खिशात ठेवतो आणि एकेक स्थळ झाले की पुढे बरोबरची खूण करतो. हिचे म्हणणे असे, की मला ताजमहालापेक्षा ताजमहालापुढची खूण जास्त आवडली. यात अतिशयोक्ती आहे. पण अगदीच खोटे आहे असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

तर यादी नसलेला तो दिवस आम्ही लांपांगला घालवला. उत्तर थायलंडमधले, वांग नदीच्या काठचे हे गाव. च्यांगमाईहून आगगाडीने दोन-अडीच तासांचा रस्ता. वाटेत खुन तानच्या डोंगरातला साडेतेराशे मीटरचा बोगदा लागतो, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर आपले घाट आठवल्यावाचून राहत नाहीत. आम्ही शुक्रवारी संध्याकाळीच येऊन एका लहानशा हॉटेलात उतरलो होतो.

शनिवारी सकाळी चहा घेताना ही म्हणाली, "खिसा दाखवा."

खिशात यादी होतीच. अकरा स्थळे. हिने ती वाचलीसुद्धा नाही. चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकली.

लांपांगचे जुने नाव कुक्कुटनगर. थाई लोक 'कुक्कुट नकोन' म्हणतात. पण नकोन म्हणजे नगरच. दंतकथा अशी, की भगवान बुद्ध इथे आले तेव्हा लोक भिक्षा वाढायच्या वेळेला झोपून राहतील या काळजीने इंद्र पांढरा कोंबडा होऊन आला आणि पहाटे आरवला. तेव्हापासून कोंबडा या गावाचे चिन्ह होऊन बसला आहे. नदीवरच्या पांढऱ्या कमानींच्या पुलावर, रस्त्यांच्या पाट्यांवर, भांड्यांवर, जिकडे पाहावे तिकडे कोंबडाच. नगर म्हटल्याबरोबर ही खूष झाली, कारण हिचे माहेर नगरचे. २०२४ साली त्याचे अहिल्यानगर झाले. पण माहेरचे नाव जिभेवरून इतक्या लवकर जात नाही.

आणि या गावात टांगे आहेत! १९१६ साली इथे रेल्वे आली, त्या सुमारास स्टेशनातून माणसे गावात न्यायला घोडागाड्या आल्या. थायलंडात इतरत्र त्या गेल्या, इथे राहिल्या. आज त्या पर्यटकांसाठीच आहेत हे खरे. पण घोडे खरे आहेत, टापा खऱ्या आहेत, आणि घोड्याचा तो ओळखीचा वासही खरा आहे. टांगेवाल्याच्या डोक्यावर मात्र अमेरिकन सिनेमातली रुंद काठाची हॅट. तीनशे बाथ ठरले. मी घासाघीस करणार तोच ही पुढे होऊन टांगेवाल्याशेजारी चढून बसलीसुद्धा.

"अगं, मागे जागा आहे की!"

"लहानपणी स्टेशनवरून घरी येताना पुढं बसायचा मान दादाचा असायचा," ही पाठ न वळवता म्हणाली. "आम्ही मुली मागं. रस्ता मागं पळताना दिसायचा, पुढचा कधी दिसलाच नाही."

मग मी मागे बसलो. शेजारी दोन पिशव्या, पाण्याची बाटली आणि माझी छत्री.

नदीकाठच्या जुन्या वस्तीत टांगा शिरला तसे मी माझे ज्ञान पाजळायला सुरुवात केली. यादी जप्त झाली तरी पाठांतर शिल्लक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाव सागवानावर श्रीमंत झाले. ब्रह्मदेशातून आलेल्या सागाच्या व्यापाऱ्यांनी इथे ब्रह्मी धाटणीची देवळे बांधली. तोडलेल्या झाडांमधल्या भूतात्म्यांची शांत व्हावी म्हणून, असे म्हणतात. लाकडाच्या या धंद्यात १८६३ साली मुंबईत निघालेली बॉम्बे बर्मा कंपनीही होती. आणि लुई लिओनोवेन्स नावाचा एक गोरा होता, त्याचे दुमजली घर या वस्तीत अजून उभे आहे.

"हा लुई म्हणजे अ‍ॅनाचा मुलगा. सयामच्या राजवाड्यात १८६२ साली मुलांना शिकवायला गेली ती अ‍ॅना. आणि तिचा जन्म कुठला, सांग पाहू?"

"कुठला?"

"नगरचा! १८३१ सालचा. लग्न पुण्यात झालं. पण जन्मभर लोकांना सांगत राहिली, की मी वेल्समध्ये जन्मले."

मला वाटले होते ही हसेल. ही त्या घराकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माहेर लपवायचं म्हणजे केवढी सक्तीची मजुरी हो. रोज आठवणीनं लपवायचं."

अ‍ॅना लिओनोवेन्सवर पुस्तके निघाली, नाटक झाले, चित्रपट झाले. पण असे कुणी म्हटल्याचे मी वाचलेले नव्हते.

दहाच्या सुमारास आम्ही गावाबाहेरच्या मोठ्या देवळाकडे निघालो. वाट फ्रा थाट लांपांग लुआंग. अंतर अठरा किलोमीटर. (वाट म्हणजे देऊळ. हे माझ्या अकरा स्थळांतले पहिलेच होते. पण तिकडे जाऊ या असे आपण होऊन म्हणाली ती हीच, याची नोंद व्हावी.) जायला सोंगथेव नावाचे वाहन. सोंग म्हणजे दोन, थेव म्हणजे ओळ. टेम्पोच्या मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाके, इतकेच. आमच्यासमोर एक आजीबाई कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या आणि हिला त्या वासाने वाटेत दोनदा घर आठवले.

देऊळ फार सुंदर आहे. टेकाडावर, गढीसारख्या तटात. पायऱ्या चढून गेले की समोर १४७६ सालचा विहार, तिन्ही बाजूंनी उघडा, सागाच्या जाडजूड खांबांवर उतरते छप्पर तोललेले. आपल्या खेड्यातल्या देवळाच्या सभामंडपात दुपारी जसा थंडावा असतो, तसा तिथे होता. मागे पंचेचाळीस मीटर उंचीचा स्तूप, तांब्यापितळेच्या पत्र्यांनी मढवलेला, काही ठिकाणी हिरवट पडलेला. स्तूपाच्या कठड्याला एक भोक आहे. १७३२ साली ब्रह्मी फौज या देवळात तळ देऊन होती, तेव्हा थिप चांग नावाचा इथला वीर पाण्याच्या मोरीतून सरपटत आत शिरला आणि त्याने त्यांच्या सेनापतीला गोळी घातली. तिचे हे भोक. आपल्याकडे घोरपड लावून गड चढल्याची दंतकथा सांगतात, यांच्याकडे मोरीतून शिरल्याची. पुढे याच माणसाचा नातू च्यांगमाईचा राजा झाला.

स्तूपाजवळ एक लहानशी उंच चौथऱ्यावरची इमारत आहे. १४४९ सालची. आत बुद्धाचे पाऊल. पण लोक जातात ते दुसऱ्याच कारणाने. दार लावून घेतले, की अंधारात बाहेरच्या स्तूपाची उलटी प्रतिमा उमटते. हे मी कुठेतरी वाचले होते आणि हिला मुद्दाम सांगितले नव्हते. कारण ही तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवत होती. बुटांच्या खोक्याला सुईने भोक पाडून, मागे तेलकट कागद लावून हिने किती पोरांना झाडे उलटी दाखवली असतील, त्याची गणती नाही. आमच्या घरात नवे बूट आले, की माझ्याआधी खोके हिच्याकडे जायचे. म्हटले, आज हिला चकित करू.

पायऱ्यांपाशी पाटी होती. स्त्रियांना प्रवेश नाही.

आम्ही दोघांनी ती वाचली. मी म्हणालो, "मग राहू दे, मीही नाही जात."

"जा हो तुम्ही. एवढ्या लांब आलो. मी आहे इथं." आणि हिने सवयीने हात पुढे केला. मीही सवयीने त्या हातात छत्री दिली, बाटली दिली आणि चपला काढून हिच्या पायांशी ठेवल्या. सवय ही अशी असते.

आत दोन शाळकरी मुले होती. दार लागले. थोड्या वेळाने पांढऱ्या कापडावर स्तूप दिसला. खाली डोके, वर पाय. मुले खिदळली. मी दोन मिनिटे पाहिले आणि बाहेर आलो.

"दिसला?"

"दिसला. उलटा होता."

"रंग होते?"

मला आठवेना. "असावेत."

"भोक केवढं होतं? दारात होतं की भिंतीत? कापड मागंपुढं केलं तर लहानमोठा होत होता का? झाडाचं पान हलताना दिसलं का?"

तीस वर्षांची मास्तरीण एकेक प्रश्न विचारत होती आणि मी मागच्या बाकावरच्या पोरासारखा चपलेत पाय अडकवीत उभा होतो. शेवटी हिनेच विचारणे थांबवले. ते मला जास्त लागले.

जरा वेळाने ही म्हणाली, "लहानपणी शिंगणापूरला जायचो. दादा ओल्या पंचानं चौथऱ्यावर जायचा, आम्ही खाली चपलांपाशी. तेव्हा कधी काही वाटलं नाही. २०१६ साली तिथं बायका वर गेल्या, तेव्हा मी टीव्हीपुढं बसून रडले. तुम्ही ऑफिसात होता."

मला हे ठाऊक नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात कळायचे राहून गेलेले असे आणखी काय काय असेल, असे मनात आले. आमच्या सगळ्या सहलींचे फोटो डोळ्यांपुढे आले. बाकावर बसलेली ही, मांडीवर पर्स, शेजारी पिशव्या. ते फोटो मीच काढलेले होते. आत जाऊन आल्यावर.

मी पाण्याच्या आणखी एका बाटलीचे निमित्त काढून फाटकापर्यंत गेलो. परत येतो तो बाकावर पिशव्या आहेत आणि ही नाही! जन्मात पहिल्यांदा हिने पिशव्या सोडल्या होत्या. मी घाबराघुबरा होऊन इकडेतिकडे पाहतो, तो फुले विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने मला हाक मारली. तिने दक्षिणेकडच्या एका छोट्या जुन्या विहाराकडे बोट केले, मग तळहात उपडा केला, पुन्हा उताणा केला, आणि बोळके दाखवून हसली.

मी पिशव्या उचलल्या आणि गेलो. आत अंधार होता.

"दार लावा, दार लावा, उजेड येतोय!" हिचा आवाज आला. तो आवाज मी वर्गाबाहेरून पूर्वी ऐकला होता.

त्या विहारातही तीच प्रतिमा पडते आणि तिथे बायकांना मज्जाव नाही. फटीतून आलेला कवडसा हिने एका कागदावर धरला होता. माझ्याच यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर. "हा घ्या, धरा नीट. हलवू नका. आता मागं सरका. अजून. बघा, मोठा झाला. आता पुढं या, लहान पण किती रेखीव! उजेड सरळ रेषेत जातो, म्हणून वरचा खाली आणि खालचा वर. रंग बघा की."

रंग होते. खाली आभाळ होते, निळेच. त्यात स्तूपाचे टोक पिवळे लखलखत बुडालेले, आणि कडेला एका फांदीची पाने हलत होती. मी मघाशी यातले काय पाहिले होते कोण जाणे. हिने पर्समधून पेन काढले आणि मी कागद धरून उभा असताना प्रतिमेच्या कडेने हळूहळू रेघ ओढली. माझे हात भरून आले. तेवढ्यात दोन थाई बायका आत डोकावल्या, तर हिने त्यांनाही बोलावून घेतले आणि मराठीत सगळा धडा पुन्हा शिकवला. त्यांना तो समजला असावा, कारण त्यांनी बरोबर ठिकाणी 'ओ' केले.

परतताना रस्त्याच्या कडेला एका घरापुढे उन्हात चाळण्यांवर भाताच्या गोल चकत्या वाळत घातलेल्या दिसल्या. खाओ तेन. चिकट तांदळाचा भात कलिंगडाच्या रसात कालवून वाळवतात, तळतात आणि वर गुळाच्या पाकाची धार सोडतात. "अहो, हे तर वाळवण!" असे म्हणून ही सोंगथेव थांबवायला निघाली होती, पण गावात पोचल्यावर बाजारात तेच मिळाले. चवीला कुरकुरीत, गोडसर. आपल्या सांडग्यांना मात्र तोड नाही, असा निकाल हिने तिथल्या तिथे दिला.

शनिवार-रविवारी संध्याकाळी नदीकाठच्या काड काँग ता नावाच्या जुन्या पेठेत बाजार भरतो. तिथे हिने कोंबड्याची चित्रे असलेले दोन वाडगे घेतले. लाल कोंबडा, मोठे गुलाबी फूल, केळीचे पान. चीनमधून आलेल्या कुंभारांची ही कला. १९५०च्या दशकात या भागात पांढरी माती सापडली आणि ते इथे स्थिरावले. पिशवीत फुटतील, असे मी म्हणालो. ही म्हणाली, "फुटणार नाहीत. पिशवी तुम्ही धरणार आहात."

रात्री हॉटेलात मी यादी परत मागितली. हिने ती दिली. अकरा स्थळांपैकी एकाही पुढे खूण नव्हती. मी कागद उलटवला आणि दिव्याखाली धरून तिने काढलेली रेघ पाहू लागलो.

"उलटा धरलाय तुम्ही," ही अंथरुणातून म्हणाली.

मी कागद फिरवला. स्तूपाचे टोक खाली गेले.

"आता?"

"आता बरोबर. दिवा घालवा."