ओतीव की ठोकीव?

नागापूरला आमचं घड्याळ म्हणजे एमआयडीसीचा भोंगा. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, यांवरच घरातला स्वयंपाक, झोप आणि पाहुण्यांचं येणंजाणं ठरायचं. माझे वडील, अण्णा, एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे भरायचे आणि त्यांत तापलेला रस ओतायचा, असं तीस वर्षं. कितीही हात धुतले तरी त्यांच्या नखांतली काळी रेघ जायची नाही.

शाळेची सहल नगरच्या भुईकोट किल्ल्यात जायची, चांदबिबीच्या महालावर जायची. इतिहास तिकडे होता, निजामशाहीचा, राजाराण्यांचा. आमच्याकडे सीनेवरचा पूल, कारखान्यांच्या भिंती आणि ओव्हरटाइम. आपल्या मातीला सांगण्यासारखं काही नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तरी ते माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

बीएनंतर मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एमएला नाव घातलं. अण्णांनी एकच विचारलं, "तिथं नेमकं काय करायचं असतं?"

"खणायचं, अण्णा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे चामडी हातमोजे धुऊन, वाळवून माझ्या बॅगेत ठेवले.

नगरहून पुण्याची एसटी धरली. सुप्याजवळ पारनेरचा फाटा मागे गेला, शिरूर गेलं, वाघोली गेली आणि येरवड्याला मी उतरले. फाटकातून आत गेल्यावर रस्त्याचा गोंगाट झाडांनी गिळून टाकला. समोर काळ्या दगडाची ती इमारत उभी होती. टोकदार कमानी, उतरती छपरं, लांबलचक व्हरांडे, वर मनोरा. कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरने तिचा आराखडा केला. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीचा तिला मोठा हातभार लागला आणि १८६८ मध्ये कॉलेज इथं राहायला आलं. साम्राज्याला तेव्हा ही गॉथिक घडण फार प्रिय होती.  पण इथला दगड आपला, काळा पाषाण. पहिल्या दिवशी मी भिंतीला हात लावला, तो अगदी ओळखीचा थंडावा होता. आमच्या आजोळच्या विहिरीचं बांधकाम याच दगडाचं.

संस्था इमारतीहून जुनी. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या निधीतला काही भाग बाजूला काढून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात 'हिंदू कॉलेज' सुरू झालं. एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता आणि चॅप्लिन दख्खनचा कमिशनर. पुढे १८५१ साली त्याचं पूना कॉलेज झालं आणि १८६४ साली डेक्कन कॉलेज. सुरुवातीला ती पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीच होती. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. त्या दाराशी तेव्हा मला कोणी उभंही केलं नसतं. आता तिथल्या ग्रंथालयाचं कार्ड माझ्या उशाखाली होतं. ते दार उघडायला किती माणसांनी किती वर्षं जोर लावला असेल, या विचाराने मला अभ्यासाची जबाबदारी वाटू लागली.

टिळक विद्यार्थी असताना राहिले ती खोली जपून ठेवलेली आहे. टिळक आणि आगरकर यांची मैत्री इथलीच. सरकारी नोकरी धरायची नाही, शिक्षणाला आयुष्य द्यायचं, असं दोघांनी इथं ठरवलं आणि १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं. चिपळूणकरही याच कॉलेजचे. रा. गो. भांडारकर इथं संस्कृतचे प्राध्यापक होते. पण मला सर्वांत जवळचे वाटले आगरकर. त्यांच्याकडे एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी घालत, असं सांगतात. होस्टेलच्या दोरीवर माझे दोन ड्रेस वाळत असताना मला हटकून त्यांची आठवण यायची.

आणि सेनापती बापट! एसटीतून ज्या फाट्यावरून मी दर सुट्टीला जात होते, त्या पारनेरचा हा मुलगा, १८८० साली जन्मलेला. डेक्कन कॉलेजातून शिकून, शिष्यवृत्ती मिळवून तो एडिंबरोला गेला. इंग्रजी राज्याविरुद्ध बोलल्यामुळे ती शिष्यवृत्ती गमावून बसला आणि १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी धरणाविरुद्ध उभा राहिला. आमच्या जिल्ह्याचं माणूस या व्हरांड्यांतून चाललं होतं, हे कळल्यावर तिथला माझा परकेपणा निम्मा गेला.

उरलेला निम्मा गेला तो संग्रहालयात.

त्याआधी थोडं सांगायला हवं. १९३४ साली सरकारने हे कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, न्यायालयात गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. हा दुसरा जन्म मला पहिल्याहून मोठा वाटतो. इरावती कर्वे इथं आल्या आणि वाड्यावस्त्यांवर, वारीच्या वाटेवर जाऊन समाज अभ्यासू लागल्या. डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम उभं केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या शब्दांच्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्यांचे कप्पे मी पाहिले आहेत. आणि पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया नद्यांच्या काठांनी चालू लागले. १९९० साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तो अशा कामांच्या जोरावर.

संग्रहालयात पहिल्या आठवड्यात मी एका कपाटापुढे थांबले. लाल रंगाची भांडी, त्यांवर काळ्या रेघांची नक्षी, लांब तोटीचा चंबू. खाली लिहिलं होतं : जोर्वे. जोर्वे म्हणजे आमच्या जिल्ह्यातलं, संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं गाव! १९५०-५१ मध्ये तिथं उत्खनन झालं आणि महाराष्ट्राच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या त्या संस्कृतीला या लहानशा गावाचंच नाव मिळालं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची माणसं ती. गहू, जव पिकवणारी, मातीच्या घरांत राहणारी. दगावलेलं मूल दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या भुईखालीच पुरायची.

शेजारच्या कपाटावर नेवासे. नेवाशाला मी किती वेळा गेले होते! ज्ञानेश्वर माउलींच्या पैसाच्या खांबाला डोकं टेकवून, प्रसाद घेऊन परतले होते. त्याच गावच्या लाडमोड टेकाडात सांकळियांनी १९५४ पासून खणलं आणि मराठ्यांच्या काळापासून खाली खाली जात अश्मयुगापर्यंत पोचले, हे मला पुण्यात येऊन कळलं. त्या टेकाडाच्या गावावरून आमची एसटी जात असे आणि मी खिडकीला डोकं लावून झोपलेली असे. कपाटासमोर मला रडू आलं, ते आनंदाचं होतं की इतके दिवस न पाहिल्याचं, सांगता येत नाही.

दिवाळीनंतर अण्णा आणि आई मला भेटायला आले. आई त्या रांजणांपुढे बराच वेळ उभी राहिली. आमच्यात एक भाऊ लहानपणीच गेला होता. "घरातच ठेवायच्या का गं लेकराला," एवढंच ती म्हणाली.

अण्णा पुढे गेले होते. जोर्व्याला सापडलेल्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडींविषयी मी त्यांना सांगितलं, चित्र दाखवलं. ते वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "ओतीव आहे की ठोकीव?"

मला उत्तर देता आलं नाही. इतके महिने मी शैली, कालखंड, थर शिकत होते. वस्तू कशी झाली, हा पहिला प्रश्न ओतकाम करणाऱ्याने विचारला.

त्या प्रश्नानेच मला माझा विषय दिला. पुढे मी सूक्ष्मदर्शकाखाली जुना धातू बघायला शिकले. रस साच्यात थंड होताना आत झाडाच्या फांद्यांसारखी रचना धरतो. तोच धातू तापवून ठोकला की त्या फांद्या मोडतात आणि कण नव्याने जुळून येतात. कारागिराने काय केलं ते धातू विसरत नाही. अण्णांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "हां, म्हणजे हात दिसतो."

आता अण्णा निवृत्त आहेत. मागच्या उन्हाळ्यात नागापूरच्या ओट्यावर बसून मी त्यांना पुस्तकातलं दायमाबादचं छायाचित्र दाखवलं. तेही आमच्याच जिल्ह्यातलं, श्रीरामपूर तालुक्यातलं. १९७४ साली तिथं मातीत चार कांस्यवस्तू सापडल्या, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. रथावर एक माणूस उभा आहे. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजनाच्या आणि सगळ्या भरीव.

"भरीव?" अण्णांनी चष्मा वर केला. पुस्तक उन्हाकडे धरलं. बैलांच्या पायांवरून, रथाच्या दांडीवरून त्यांचं बोट सावकाश फिरत होतं, जिथं रस आधी पोचला असेल तिथून जिथं शेवटी पोचला असेल तिथवर.

"साच्यात जरा ओल राहिली असती ना, तर सगळं फुटलं असतं," ते म्हणाले. "नीट वाळवलाय त्याने. घाई नाही केली."

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. रस्त्यावरून सायकली, मोटरसायकली एमआयडीसीकडे निघाल्या. अण्णा अजून त्या रथाकडेच बघत होते, बाजूच्या भट्टीवरच्या माणसाचं काम बघावं तसे.