पस्तीस दिवस

खुडूक कोंबडीला दिवस मोजता येतात का? या प्रश्नावर गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात चांगली दोन आठवडे चर्चा चालली होती :)

नागावला आमच्या वाडीत नारळ-पोफळीच्या मधे एक लहानसं तळं आहे. त्यात बदकं हवीत हा लेकीचा हट्ट. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मस्कोव्ही बदकाची पाच अंडी दिली. मस्कोव्ही म्हणजे तोंडावर लाल चामखिळी असलेलं, ओरडण्याऐवजी नुसतं फुसफुसणारं बदक. मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, म्हणजे आपल्या मिरची, काजू, पपईच्या माहेरचं! इकडे आमची गावठी कोंबडी खुडूक होऊन रिकाम्या टोपलीत पिसं फुगवून बसलेली. अंधार पडल्यावर पेंढा घालून अंडी तिच्याखाली सरकवली. तिने चोचीने एकेक ओढून पोटाखाली घेतलं. झालं.

खरी गंमत पुढेच. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत येतात, साध्या बदकाची २८, आणि मस्कोव्हीची ३५ दिवसांत!

सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोन आठवडे जास्त बसवणार तिला? सुकून जाईल ती. कोकिळा कावळ्याला फसवते, तिचा निदान वंश वाढतो. आपली तर नुसती हौस."

हे मनाला लागलं. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, मातीत लोळते की परत टोपलीत. ती दिवस मोजत नाही. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श असेपर्यंत प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक तिला बसवून ठेवतं. पिल्लांची चाहूल लागली की मग ते बसणं सुटतं. काही कोंबड्या आधीच उठतातही. म्हणजे मोजायचं काम आपलं, आणि तिची काळजीही आपलीच.

मग बाविसाव्या दिवसापासून मी तिला रोज दोनदा उचलून बाहेर आणायचे. तांदळाच्या कण्या, थोडं सुकटीचं कूट, स्वच्छ पाणी. छातीचं हाड हाताला जास्त टोचायला लागलं तर अंडी काढून घ्यायची, असं सासूबाईंना कबूल केलं होतं. ती उठली की अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायचे, कारण बदकीण ओल्या पिसांनी परत येऊन बसते, कोंबडी कोरडीच. अंडी मोठी आणि जड, म्हणून पेन्सिलीने खूण करून हातानेही फिरवायचे. एक अंडं बॅटरीच्या उजेडात आधीच रिकामं निघालं होतं.

चौतिसाव्या दिवशी एका कवचाला टोचा पडला. पिल्लू बाहेर यायला आणखी दीड दिवस! चारांतून तीन आली. चौथं कवचातच गेलं. लेक खूप रडली.

कोनराड लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल मिळालं. बदक-हंसांची पिल्लं जन्मल्यावर जे पहिलं हलताना दिसेल त्याच्यामागे लागतात, हे त्यांनी दाखवलं होतं. आमची तीन पिवळी पिल्लं तशीच कोंबडीच्या मागे. एक दिवस मात्र तळं दिसलं आणि तिघंही पाण्यात! ती काठावर सैरावैरा, कर्कश ओरडत. मला बघवेना. सासूबाई काठीने पिल्लं वळवायला धावल्या. आठवडाभराने ती ओरडायची थांबली. पिल्लं पोहत असताना काठावर माती उकरत बसायची, संध्याकाळी ती पंखांखाली यायचीच.

असो. आता ती पुन्हा अंडी घालायला लागली आहे. पुढच्या वेळी खुडूक झाली की तिला तिचीच अंडी द्यायची, असं सासूबाईंनी जाहीर केलंय. एकवीस दिवसांची. मला मान्य आहे.